यात कोणी मरतं का?

मंगळवारी दुपारी माझी बायको कुंदा वारली. संध्याकाळी तिला घाटावर नेलं. शुक्रवारी सकाळी मी दुकान उघडलं.

यातल्या पहिल्या दोन वाक्यांबद्दल लोक माझ्याशी हळू आवाजात बोलतात. तिसऱ्याबद्दल ते माझ्या पाठीमागे बोलतात. म्हणून हा लेख तिसऱ्या वाक्याबद्दल आहे.

लेख मागायला संपादकांचा फोन आला, तेव्हा ते म्हणाले, या दिवाळीला आम्ही बंद पडलेल्या व्यवसायांवर एक विभाग करतोय, त्यात तुमची व्हिडिओ लायब्ररी हवी. मी म्हटलं, ती बंद पडलेली नाही. ते मग म्हणाले, "चालेल, लिहा." नक्की काय चालेल हे मी विचारलं नाही. फोन ठेवला आणि शटरच्या पट्टीला तेल दिलं, कारण ते दोन दिवसांपासून अडकत होतं.

सक्करदऱ्यात, तलावाकडे जाणाऱ्या रस्त्यावर आमचं दुकान आहे. मराठी घेऊन एम. ए. केलं, प्राध्यापकीच्या मुलाखती दिल्या, आणि शेवटी वडिलांच्या रिकाम्या गाळ्यात कॅसेटी भाड्याने द्यायला लागलो. कुंदा बी. एस्सी. होती. स्थळ सांगायला गेलेल्या माणसाने तिच्या वडिलांना "मुलगा लायब्ररी चालवतो" एवढंच सांगितलं होतं. लग्नानंतर ते पहिल्यांदा दुकानात आले, कपाटांकडे पाहत राहिले आणि म्हणाले, "पुस्तकं आतल्या खोलीत असतीन?" आतल्या खोलीत खरंच पुस्तकं होती, पण ती माझी होती.

ज्यांनी हा धंदा पाहिला नाही त्यांच्यासाठी थोडं सांगतो. सिनेमा आधी टॉकीजमध्ये लागतो. काही महिन्यांनी कंपनी तो घरी पाहण्यासाठी काढते, पूर्वी कॅसेटवर, नंतर डिस्कवर. टीव्हीवर गाजलेल्या मालिकाही अशाच डब्यात भरून येतात, एका डिस्कवर चार-पाच भाग. पार्सल गुरुवारी यायचं, शुक्रवारी आम्ही दारातल्या फळ्यावर खडूने "नवीन" लिहून खाली नावं लिहायचो. शाळा सुटल्यावर पोरं फळा वाचायला थांबायची. त्यांच्यातले काही आता आजोबा व्हायच्या वयाला आलेत आणि अजूनही चालताना मान वळवून फळा वाचतात. आत येत नाहीत, पण वाचतात.

खऱ्या कॅसेटच्या आधी बाजारात खोटी यायची. टॉकीजमध्ये कोणीतरी मांडीवर कॅमेरा ठेवून बसायचं. मध्येच पडद्यावरून एक डोकं उठून बाथरूमला जायचं, आणि विनोद ऐकू येण्याच्या आधीच टॉकीजमधले लोक हसायचे. त्याला हॉल प्रिंट म्हणत. ती मी कधी ठेवली नाही. गिऱ्हाइकं तुटली, मग परत आली. माझ्याकडे सिनेमा उशिरा यायचा, पण पूर्ण यायचा.

दुकानात दोन कामं होती आणि ती आम्ही वाटून घेतली होती. चित्र मी पाहायचो, गोष्ट कुंदा पाहायची. चित्र पाहणं म्हणजे कॅसेट किंवा डिस्क नीट चालते का, आवाज ओठांच्या मागे तर पडत नाही ना, कुठे तुकडा गायब आहे का, हे तपासणं. पावसाळ्यात कॅसेटच्या फितीवर पांढरी बुरशी धरते, म्हणून फीत आधीच एकदा पुढे आणि एकदा मागे फिरवून ठेवावी लागते. डिस्क उजेडात तिरपी धरून पाहावी लागते. मध्यापासून कडेकडे गेलेला ओरखडा असेल तर फारशी चिंता नाही. गोल फिरलेला ओरखडा असेल तर मशीन तिथे हमखास अडकतं. म्हणून डिस्क मलमलीच्या कपड्याने मधून बाहेर सरळ पुसायची. लोक ताट पुसावं तशी गोल गोल पुसतात आणि मग आम्हाला सांगतात, तुमची शीडीच खराब होती.

तपासताना मी सिनेमा तुकड्यातुकड्यांनी पळवत पाहायचो. त्यामुळे इतकी वर्षं सिनेमाचं दुकान चालवूनही मी पहिल्यापासून शेवटपर्यंत पाहिलेले सिनेमे फार थोडे आहेत. कुंदा मात्र प्रत्येक नवीन सिनेमा आणि मालिकेचा प्रत्येक भाग पूर्ण पाहायची. तिने पाहिल्याशिवाय काहीही कपाटात लागत नसे. घरी, दुपारी, जेवण झाल्यावर. तो आमच्या दुकानाचा कायदा होता.

कायद्याला कारण घडलं ते असं. एक तरुण मुलगा वडिलांसाठी विनोदी कॅसेट घेऊन गेला. वडील हृदयविकाराच्या झटक्यातून नुकतेच घरी आले होते. कव्हरवर सगळं कुटुंब दात काढून हसत होतं. दुसऱ्या दिवशी त्याने कॅसेट काउंटरवर ठेवली.

"भाऊ, हासाचा सिनेमा मागतला होता न मी?"

"हो. तोच दिला."

"यात म्हातारा मरते. लग्नात. छातीत कळ येऊन. बाबा उठले अन् आतमधे जाऊन झोपले. सकाळी चहाबी नाही घेतला."

मी म्हटलं, कव्हरवर तर तसं काही नाही. कुंदा माझा डबा घेऊन आली होती, ती मागे उभी राहून ऐकत होती. म्हणाली, "कव्हर लिहिनाऱ्याच्या घरी कोनी मेलं नसन." मग तिने कपाळावरची टिकली काढली आणि कॅसेटच्या पाठीवर, नावाशेजारी चिकटवली. "हे असं दिसलं की समजाचं. यात कोनीतरी मरते."

त्या दिवसापासून आमच्या कपाटात लाल टिकल्या लागायला लागल्या. ज्यात कोणी मरतं त्याला टिकली. ज्यात मरत नाही ते कोरं. महिन्याभरात गिऱ्हाइकांना सांगावं लागेना. बायका आल्या की कपाटावरून बोट फिरवत आधी टिकली पाहायच्या, मग नाव.

कुठलं मरण मोजायचं यावर आमची बरीच भांडणं झाली. भिंतीवर पहिल्या सीनपासूनच हार घातलेला फोटो असेल तर तो मोजायचा नाही, तो माणूस गोष्टीच्या आधीच गेला. लढाईत मागे धडाधड पडणारी माणसं मोजायची नाहीत. यावर दोघांचं एकमत होतं. अडलं खलनायकावर. मी म्हटलं, खलनायक मरणारच, त्यासाठीच लोक सिनेमा नेतात.

"त्याची आई दाखवली का?" कुंदाने विचारलं.

"एका सीनमध्ये आहे."

"मंग मोजाचं."

तो नियम कायम झाला. ज्याची आई पडद्यावर दिसली, त्याचं मरण मोजायचं. कुत्रे आणि बैल यांना मात्र आईची अट नव्हती. गल्लीतल्या एका लहान मुलीने रडून तशी सूट मिळवली होती.

मी विरोध केला नाही असं नाही. माझं शिक्षण आड येत होतं. शोकांतिका पाहून मन निवळतं, असं मी परीक्षेत सविस्तर लिहिलं होतं आणि मला ते पटलेलंही होतं. कुंदा म्हणाली, "निवळते न. मी स्वतः टिकलीवालेच पाहते जास्त. पन मले माहीत असते, आज रडाचं आहे. न सांगता काहून रडवाचं कोनाले?" कंपनीचा माणूस माल दाखवायला आला तेव्हा त्यालाही ती टिकली खटकली. "वहिनी, गोष्ट फुटते न अशानं." ती म्हणाली, "कोन मरते ते कुठी सांगितलं? मरते एवढंच सांगितलं."

एक निवृत्त हवालदार होते, ते उलट टिकली असलेलंच मागायचे. "बिनटिकलीचं नको. ते मले खोटं वाटते." तेही आमचं गिऱ्हाईक होतं आणि त्यांचीही सोय टिकलीमुळेच व्हायची.

बेसा भागात नवे फ्लॅट झाले तसे तिकडचे काही लोक मोठ्या पडद्याच्या टीव्हीसाठी चांगल्या प्रतीच्या डिस्क शोधत यायला लागले. टिकल्या पाहून हसायचे. त्यांच्यातला एक जण मला समजावून सांगत होता की काका, आता सगळं मोबाईलवर आहे, तुम्ही काय आवडीने पाहता ते पाहून तो पुढचं सुचवतो. मी ऐकून घेतलं. कुंदाने विचारलं, "घरी कसं आहे सगळं?" तो म्हणाला, आई मागच्या महिन्यात गेली. तिने त्याला बिनटिकलीची डिस्क काढून दिली.

माझं म्हणणं तेच आहे आणि ते मी कोणासमोरही म्हणायला तयार आहे. पडद्यावर कोणी सिगारेट ओढली की खाली इशारा येतो. आता आजोबा मरणार आहेत, असा इशारा कोणी देत नाही. तुम्ही काय काय पाहिलं हे त्या यंत्राला माहीत असतं. तुमच्या घरी मंगळवारी काय झालं, हे माहीत नसतं.

गजभिये बाई आमच्याकडे आल्या त्या कुंदाच्या शेवटच्या वर्षात. महानगरपालिकेच्या शाळेत शिकवून निवृत्त झालेल्या. यजमान आधीच गेले होते. मुलगा एकुलता, नोकरीच्या गावी अपघातात गेला. काही महिने त्या घराबाहेर पडल्या नाहीत, मग एका शुक्रवारी दुकानात येऊन स्टुलावर बसल्या. कपाटाकडे न पाहता म्हणाल्या, "घरात आवाज पाह्यजे. पन मरनाचा नको."

त्याच आठवड्यात एक जुनी मालिका डिस्कवर नव्याने निघाली होती. रेल्वे कॉलनीतल्या एका कुटुंबाची. आई, दोन मुलगे, मोठी सून. टीव्हीवर लागायची तेव्हा बाई मुलाला मांडीवर घेऊन पाहायच्या, पण मध्येच त्यांची बदली झाली, घर बदललं, शेवट पाहायचा राहिला. त्यांना ती हवी होती आणि तिची भीतीही होती. कुंदाने तोड काढली. "मी पुढं पुढं पाहत जाते, तुम्ही मागून या. दर शुक्रवारी एक डिस्क. मरनाचं असन तर मी सांगीन."

असं ते चाललं. कुंदा पाहायची, बिनटिकलीची डिस्क बाईंना द्यायची, बाई पुढच्या शुक्रवारी परत आणायच्या आणि दोघी मोठ्या सुनेबद्दल तावातावाने बोलायच्या. "ते सून गुनाची नाही." "थांबा न, सुधरते ते." मी डिस्क पुसत ऐकायचो. शेवटी एकच डिस्क उरली. कुंदा म्हणाली, "पुढच्या शुक्रवारी या. पाहून ठेवते."

मंगळवारी दुपारी ती शेवटची डिस्क पाहत होती. जेवायला घरी गेलो तेव्हा टीव्हीवर मालिका चालू होती. मी आधी मालिका थांबवली, मग तिच्याजवळ गेलो. माझ्या हाताने आधी ते का केलं, ते मला सांगता येणार नाही. डॉक्टर आले, त्यांनी ती जाऊन थोडा वेळ झाल्याचं सांगितलं. आम्हाला मूल नाही. उमरेडहून माझी मोठी बहीण आली, तिला मी आक्का म्हणतो, आणि तिने घर हातात घेतलं.

बैठकीच्या खोलीत दिवा लावला होता. टीव्हीवर आक्काने चादर टाकली होती. बुधवारी भेटायला येणारे येऊन गेले. गुरुवारी दुपारी घर रिकामं झालं तेव्हा मी चादर काढली. मशीनला सवय असते, जिथे थांबवलं तिथूनच ते सुरू करतं. त्याने कुंदाने पाहिलेलं सोडून दिलं आणि पुढचं दाखवायला लागलं. डिस्क सुरुवातीपासून लावावी असं वाटलं. लावली नाही. तिचं तिने पाहिलं होतं, माझ्या वाट्याला पुढचं होतं.

आक्का स्वयंपाकघरातून आली.

"काय करून राहिला गा तू?"

"पाहून राहिलो."

"ते दिसते मले. काहून पाहून राहिला? दिवा जळून राहिला इथं बायकोचा, अन् तू मालिका पाहतं?"

"काम आहे, आक्का."

"कायचं काम? गेली ते काम करनारी. आता बंद कर ते दुकान. तिच्याच जिवावर चालत होतं, साऱ्या सक्करदऱ्याले माहीत आहे."

"मलेही माहीत आहे."

"लोकं काय म्हनतीन? बायको जाऊन दोन दिवस नाही झाले अन् याच्या घरून टीव्हीचा आवाज."

"म्हनू दे. तिनं अर्धी पाह्यली. राहिलेली मले पाह्यची आहे. उद्या शुक्रवार आहे, गजभिये बाई येतीन."

"तेरा दिवस थांबली नसती का ते मास्तरीन?"

थांबली असती. बाई एक शब्दही बोलल्या नसत्या. मलाच थांबायचं नव्हतं. कुंदाने दिलेला शब्द होता आणि तिच्या माघारी पहिल्याच शुक्रवारी तो मोडायचा, तर मग दिवा कशासाठी लावायचा हे मला कळत नव्हतं. हे मी आक्काला सांगितलं नाही. आवाज थोडा कमी केला. ती पाठ फिरवून आत गेली आणि भांडी जरुरीपेक्षा जोरात घासायला लागली.

शेवटचा भाग मी दोनदा पाहिला. धाकटा मुलगा रात्रपाळीला जातो. पुढे कुठेतरी गाडी रुळावरून घसरल्याची बातमी कॉलनीत येते. पुरुष धावतात. घरात आई ताटं मांडते. सगळ्यांची, त्याचंही. दार उघडं आहे. ती दाराकडे पाहते. तिथे मालिका संपते.

मी मराठीचा विद्यार्थी. असा शेवट मला एरवी फार आवडला असता, त्याच्यावर मी पानभर लिहिलं असतं. त्या दुपारी मला त्या लेखकाचा राग आला. आई दाखवली होती, शेवटी तर आईच दाखवली होती. पण मरण दाखवलं नव्हतं. टिकली लावायची की नाही? कुंदाला विचारावं म्हणून मी आतल्या खोलीकडे वळलो. अर्ध्या वाटेतून परत आलो.

शुक्रवारी शटर वर केलं. पार्सलमध्ये दोन नव्या डिस्क होत्या, त्यांची नावं फळ्यावर लिहिली. त्याखाली कुंदा "पाहून झालेले" असं लिहायची, तिथे त्या मालिकेचं नाव लिहिलं. समोरचा किराणावाला रस्त्याच्या मध्यापर्यंत आला. "भाऊ, आज उघडं?" मी म्हटलं, "शुक्रवार आहे." तो परत गेला.

गजभिये बाई नेहमीच्या वेळेला आल्या. फळा वाचला. स्टुलावर बसल्या.

"जेवले का?"

"हो."

"खोटं." त्यांनी पिशवीतून डबा काढून काउंटरवर ठेवला. मग विचारलं, "मरते का कोनी?"

"मला ठरवता येत नाही, बाई."

"म्हनजे?"

मी सांगितलं, धाकट्याचं काय होतं ते दाखवलेलं नाही. त्या ऐकत होत्या. "आई दिसते?" त्यांनी विचारलं. कुंदाचा नियम त्यांनाही पाठ होता.

"दिसते."

"तर मंग लावा इथंच. पाहू."

"तुम्हाला मरणाचं नको होतं."

"तवा एकटी पाहाची होती मी. आता तुम्ही आहे न."

भिंतीवरचा टीव्ही आम्ही फक्त तपासणीसाठी वापरतो. मी डिस्क लावली. पहिल्यांदाच मी त्या टीव्हीवर काही न पळवता पाहत होतो. लग्नाला इतकी वर्षं झाली, दुकानात हजारो सिनेमे आले-गेले, पण कुंदाने आणि मी शेजारी बसून एकही शेवटपर्यंत पाहिला नाही. ती घरी पाहायची, मी इथे. काम वाटून घेतलं होतं, ते फार चोख वाटलं गेलं. याचं वाईट वाटतं आणि ते वाटणं कमी होत नाही.

धाकटा रात्रपाळीला निघाला, तेवढ्यात आक्का पायरीशी येऊन उभी राहिली. घरी न सांगता निघालो होतो, ती मला न्यायला आली होती. डोक्यावर पदर, पायात माझीच चप्पल.

"चाल घरी. काय तमाशा लावला रस्त्यावर."

बाईंनी मान वळवली. "या न, बसा."

"सुतक आहे आम्हाले."

"मलेबी आहे," बाई म्हणाल्या. "माझं फिटतच नाही. म्हनून का मानसानं अंधारात बसाचं?"

आक्का बसली नाही. पण गेलीही नाही. एक हात शटरच्या पट्टीवर ठेवून उभी राहिली. पडद्यावर बातमी आली, लोक धावले, आईने ताटं मांडली. रस्त्यावर कोणीतरी थांबून आत पाहिलं, आक्काने त्याच्याकडे असं पाहिलं की तो पुढे गेला. आईने दाराकडे पाहिलं. नावं वर सरकायला लागली.

बाई मग म्हणाल्या, "लावा टिकली."

"नक्की?"

"पोरगं येनार असलं म्हनजे ताट मांडताना आई दाराकडं पाहत नाही. भाजीकडं पाहते. पुरते का, तिखट झाली का. दाराकडं पाहून ताट मांडलं म्हनजे तिले समजलं आहे." त्यांनी डोळ्यांना पदर लावला नाही. "मी मांडलं होतं न."

टिकल्यांचं पाकीट काउंटरच्या खणात असायचं, तिथेच होतं. टिकली मी कधी लावलेली नव्हती. नखाने कागदावरून सोडवली आणि डब्याच्या पाठीवर, नावाशेजारी दाबली. ती थोडी वाकडी बसली.

आक्का पायरीवरून म्हणाली, "वाकडी लागली गा."

"राहू दे," बाई म्हणाल्या.

मग आक्का आत आली. तिने डबा उघडून पाहिला, पोळ्या मोजल्यासारखं केलं आणि म्हणाली, "हे आधी खा. मंग जाऊ घरी." मी खाल्लं. ती आम्हा दोघांच्या मधल्या जागेत उभी होती, मग कधीतरी स्टूल ओढून बसली. स्वयंपाकघरातून तिने काल थोडं ऐकलं होतं; मोठी सून पुढे सुधारली का, असं तिने बाईंना विचारलं. बाईंनी पहिल्यापासून सांगायला सुरुवात केली.

तेराव्यापर्यंत मी रोज दुकान उघडलं. आमच्या नात्यातल्या काही लोकांनी त्यावरून तेराव्याच्या जेवणाला यायचं टाळलं. त्यांची पानं उरली नाहीत, कारण दुकानाची जुनी गिऱ्हाइकं आली. ज्यांनी टाळलं त्यांच्याशी मी भांडलो नाही आणि त्यांची समजूतही घातली नाही. शोक कसा करावा याचे नियम ज्यांनी केले त्यांना दुकान नव्हतं. मला होतं, आणि त्या दुकानात कुंदाने स्वतःच्या कपाळावरून काढून लावलेला एक नियम होता. मी माझा शोक त्या नियमाप्रमाणे केला. तो कमी नव्हता.

आक्का उमरेडला परत गेली. दर आठवड्याला तिचा फोन येतो. "ते नवीन मालिका लागली नऊ वाजताची, त्यात कोनी मरते का? पाहून सांगजो." ती मालिका डिस्कवर आलेली नाही, कदाचित येणारही नाही. मी टीव्हीवर पाहतो आणि तिला सांगतो. मागच्या आठवड्यात मी म्हटलं, सासरा मरेल असं वाटतं. ती म्हणाली, "त्याची आई दाखवली का?" मी नाही म्हटलं. "मंग मरू दे," ती म्हणाली आणि फोन ठेवला.

संपादकांना सांगायचं ते एवढंच. नव्या डिस्क आता फार कमी निघतात, कधी महिनाभर एकही येत नाही. अशा शुक्रवारी मी कपाटातला एखादा जुना सिनेमा काढतो आणि फळ्यावर "पाहून झालेले" याखाली त्याचं नाव लिहितो. गजभिये बाई येतात. त्यांनी परवा स्वतःहून टिकलीवालं मागितलं, आणि इथेच पाहू म्हणाल्या. हवालदार गेले, त्यांचा मुलगा येतो आणि बिनटिकलीचं नेतो.

दुकान चालू आहे. चित्र मी पाहतो आणि गोष्टही मीच पाहतो. कुंदाचं पाकीट संपलं. आता टिकल्या मी इतवारीच्या बाजारातून आणतो.